वणवा कुणी लावला? मराठी वृत्तसंपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी वर्तमानपत्रांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक, वृत्तसंपादक आणि तालुक्याच्या ठिकाणी बसून बातम्या पाठवणारे वार्ताहर यांस,

सप्रेम नमस्कार.

शिमगा जवळ आला की तुमच्या पानांवर एक बातमी हमखास येते. डोंगराचं नाव बदलतं, बाकी मजकूर तोच. अमुक डोंगराला वणवा लागला. मोठ्या प्रमाणावर वनसंपदा खाक झाली. वन कर्मचारी आणि ग्रामस्थांनी शर्थीचे प्रयत्न करून आग आटोक्यात आणली. आगीचं नेमकं कारण समजू शकलं नाही. या चार वाक्यांत हातपाय हलवणारं कुणी असेल, तर ते विझवणारे. पेटवणारा चारही वाक्यांत नाही.

मी सह्याद्रीच्या एका तालुक्यात मराठी शिकवतो. त्यामुळे माझी तक्रार वन खात्याबद्दल नाही, तुमच्या क्रियापदाबद्दल आहे. व्याकरणाचा मास्तर आणखी काय करणार, असं म्हणून पत्र बाजूला ठेवू नका. डोंगर दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात का जळतो, याचा थोडा संबंध या क्रियापदाशी आहे, असं मला वाटतं.

आगीच्या बाबतीत आपली भाषा फार नेटकी आहे. पेटणं आणि पेटवणं, जळणं आणि जाळणं, भडकणं आणि भडकवणं, विझणं आणि विझवणं, लागणं आणि लावणं. प्रत्येक जोडीतलं पहिलं क्रियापद आपोआप घडल्याचं सांगतं. दुसरं उच्चारलं की लगेच 'कुणी?' असा प्रश्न उभा राहतो. सातवी-आठवीच्या मुलांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. 'बाई, काच फुटली' आणि 'बाई, यानं काच फोडली' यांतलं अंतर त्यांना पहिलीपासून ठाऊक असतं. शिक्षा कुणाला होणार हे त्यावरच ठरतं.

यातलं 'लागणं' हे फार खोल क्रियापद आहे. आपल्याला भूक लागते, तहान लागते, झोप लागते, ठेच लागते, उचकी लागते, दृष्ट लागते, वेड लागते. आपण न करता आपल्यावर येऊन पडणाऱ्या गोष्टींची ही सगळी जात आहे. आषाढात पाऊस लागतो. त्या पावसाला कुणी जबाबदार नसतं. 'आग लागली' म्हटलं की आग याच जातीत जाऊन बसते. घरात कुणी नसताना मध्यरात्री भिंतीतली तार तापली आणि घर पेटलं, तर 'आग लागली' हेच बरोबर. तिथे दुसरं क्रियापद वापरणं उलट अन्यायाचं होईल.

'लावणं' मात्र हाताचं काम आहे. आपण रोप लावतो, कुंकू लावतो, दार लावतो, विरजण लावतो, लग्न लावतो, मुलांना शिस्त लावतो, दोन घरांत भांडण लावतो. भाताची लावणी हे तर सगळ्या घराचं चार-आठ दिवसांचं काम असतं. दिवाही लावायचा असतो. परीक्षेचा निकाल घेऊन घरी आलेल्या पोराला बाप विचारतो, 'काय दिवे लावलेस?' तेव्हा करणारा कोण याबद्दल काडीचीही शंका नसते. आणि गंमत बघा, 'झाडे लावा, झाडे जगवा' ही गावोगावच्या भिंतींवरची घोषणासुद्धा याच क्रियापदाची. राज्य सरकारनं २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडांचे संकल्प जाहीर केले. ती झाडं लागली नाहीत, लावली गेली. कुणी लावली, कुठे लावली, खड्डे कुणी खणले, फोटोत कोण होतं, हे सगळं तुम्ही छापलंत. तीच रोपं डोंगरउतारावर उन्हाळ्यात जळाली की मात्र 'वणवा लागला'. लावणाऱ्याचं नाव असतं, जाळणाऱ्याला साधं सर्वनामसुद्धा मिळत नाही.

या दोघांच्या पलीकडचा शब्द 'पेटवणं'. आपण प्रत्येक ठिकाणी पेटवत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. देवापुढची समई लावतात किंवा उजळतात. निरांजन, उदबत्ती, पणती, सगळं लावायचं. सभागृहात पाहुणे आले की दीपप्रज्वलन. चितेला अग्नी देतात. विडी शिलगावतात, क्वचित पेटवतातही. मशाल पूर्वी पाजळत असत. आता तो शब्द अक्कल पाजळण्यापुरता उरलाय. भातशेतीतला राब, म्हणजे रोपांसाठीचा वाफा, भाजतात. उसाचं पाचट जाळतात. होळी लावतातही आणि पेटवतातही. सणातला अग्नी लावायचा की पेटवायचा याबद्दल भाषेचंच मन द्विधा असावं. चूल आणि शेकोटी मात्र सरळ पेटवायची. म्हणजे जिथे पावित्र्य नाही, विधी नाही, समोर वाळकं सरपण आहे, हातात काडी आहे आणि जाळ धरावा अशी इच्छा आहे, तिथला हा शब्द. वणव्याच्या सुरुवातीला नेमकं एवढंच असतं. त्यासाठी आपल्याकडे इतका चपखल शब्द असताना बातमीत तो येत नाही.

येतो कुठे? ठळक मथळ्यात. पाणीप्रश्न पेटला, सीमाप्रश्न पुन्हा पेटला, ऊसदराचं आंदोलन पेटलं, अमुक नेत्यानं रान पेटवलं. कार्यकर्ते पेटून उठतात, दोन गट इरेला पेटतात. जिथे कागदाचा कपटाही जळत नाही तिथे तुमच्याकडे आगीची सगळी क्रियापदं हजर असतात. खरा डोंगर जळतो तेव्हा नुसतं लागलं. चकमकीचंही असंच झालं. गारगोटीवर पोलाद आपटून ठिणगी पाडायची, ती कापसावर झेलायची आणि विस्तव करायचा, त्या साधनाचं नाव चकमक. आज ती फक्त जंगलात पोलीस आणि नक्षलवादी यांच्यात 'उडते'. भाषा अशीच सरकत असते, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण रूपकांना एवढा विस्तव पुरवायचा आणि खऱ्या विस्तवाला शब्द द्यायचा नाही, हा हिशेब मला जुळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गावातली माणसंच तसं बोलतात. वार्ताहरानं फोन केला की पलीकडून उत्तर येतं, 'डोंगर लागलाय.' खरं आहे, आमच्याकडे असंच बोलतात. पण का बोलतात, ते पाहायला हवं.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ काढून वाचा. राखीव जंगलात काय केलं तर गुन्हा होतो, ते त्यात सांगितलंय. आगीच्या बाबतीत त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जंगलाला आग लावणं ही पहिली. नियम मोडून, जंगलाला धोका पोहोचेल असा विस्तव पेटवणं ही दुसरी. आणि तसाच विस्तव पेटता सोडून निघून जाणं ही तिसरी. कायदा करणाऱ्यांना मराठी येत नव्हती, तरी लावणं, पेटवणं आणि न विझवणं हा फरक त्यांनी केला. भाकरी भाजायला तीन दगड मांडून चूल पेटवणारा गुराखी आणि गवताला मुद्दाम काडी लावणारा, या दोघांना त्यांनी एका शब्दात कोंबलं नाही. आपण तर दोघांनाही शब्दच देत नाही.

त्याच कलमात पुढे आणखी एक तरतूद आहे आणि गावाच्या बोलण्याचं मूळ मला तिथे दिसतं. आग जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणानं लागली असेल, तर गुन्हेगाराला झालेल्या शिक्षेव्यतिरिक्त त्या जंगलातले किंवा त्याच्या एखाद्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार ठरवेल तितक्या काळासाठी स्थगित करू शकतं. काडी एकानं लावायची आणि चराई सगळ्या गावाची बंद. अशा कायद्याखाली पिढ्या काढलेला माणूस वनरक्षकासमोर 'आमच्यातल्या एकानं लावला' असं म्हणेल का? तो 'लागलाय' म्हणणार. ती त्याची ढाल आहे, आणि मी तिला नावं ठेवत नाही. त्याला बिचाऱ्याला उद्या त्याच वनरक्षकाच्या हद्दीतून गुरं न्यायची असतात. पण तुमच्यावर असं कुठलं बंधन आहे? तुमची गुरं कुणी अडवणार नाही. त्याची ढाल तुम्ही विनाकारण मिरवता.

राहिला तो बांबूला बांबू घासून वणवा लागतो हा समज. तो जुना आहे, काव्यात शोभतो, आणि अजूनही शहाणीसुरती माणसं तो शपथेवर सांगतात. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज पडते ती बहुधा वळवाच्या पावसासोबत, त्यामुळे तिनं एखादं झाड पेटवलं तरी मागोमाग आलेली सर ते बऱ्याचदा विझवते. जंगलात उभं आयुष्य काढलेल्या कुठल्याही वनमजुराला विचारा, वणवा कुठून सुरू होतो. रस्त्याच्या कडेनं, पायवाटेच्या वळणावरून, शेताच्या बांधावरून, मोहाच्या झाडाखालून. या सगळ्या माणसांच्या जागा आहेत. बांबूचं बेट यात कुठेच नाही.

पेटवण्याची कारणंही काही गूढ नाहीत. पश्चिम घाटाच्या डोंगरांवर गवतासाठी पेटवतात. जुनं वाळकं गवत जाळलं की पावसात नवं जोमानं येतं, गोचिड्या मरतात, अशी समजूत आहे. पहिल्या पावसानंतर काळ्या उतारावर कोवळी हिरवळ दिसते हे खरंच आहे, त्यामुळे समजूत पक्की होते. पण दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर गुरांना आवडणारी गवतं मागे पडतात आणि आगीला दाद न देणारी कुसळी पसरते, गवताबरोबर रोपटी जळतात, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच जोराच्या सरीत ओढ्याला जाते. ते नुकसान हळू होतं, म्हणून कुणी मोजत नाही. विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. ज्याच्या पानांची विडी होते त्या तेंदूला नवी कोवळी पानं फुटावीत म्हणून आग लावतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर राब भाजताना ठिणगी उडते. कुणी बांध साफ करायला जातो आणि वारं फिरतं. शिकारीसाठी ससे-डुकरं हुसकावायला पेटवतात. शनिवार-रविवारी डोंगरावर येऊन चूल मांडणारे पर्यटक आहेत, पेटती विडी-सिगारेट फेकणारे आहेत. आणि काही जण नुसतं 'बघू कसं पेटतं' म्हणून काडी टाकतात, हेही मान्य करू या.

ही यादी वाचून कुणी म्हणेल, बघा, गावकरीच गुन्हेगार. थांबा. राबाचंच उदाहरण घ्या. टहाळ, पालापाचोळा, शेण आणि वर मातीचा थर देऊन वाफा भाजायचा, त्यात भाताचं बी पेरायचं, ही पद्धत डोंगराळ भातशेतीत शतकानुशतकं चालत आली आहे. तण मरतं, राखेचं खत होतं. तिला आपण 'भाजणं' म्हणतो. भाकरी भाजावी, विटा भाजाव्यात, तशी जमीन भाजायची. भाजणाऱ्याला जाळ किती हवा आणि कुठे थांबवायचा हे माहीत असतं, तो अंदाज त्या शब्दातच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या जंगल खात्यानं ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत राबासाठी टहाळ तोडण्यावर निर्बंध आणले, तेव्हा एवढा असंतोष झाला की मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. शेतकऱ्याचं भाजणं आणि जंगलाचं जळणं साहेबाला एकच दिसलं, त्याची ती परिणती. आग वापरणं म्हणजेच गुन्हा, असं मला म्हणायचं नाही. वन खातं स्वतःसुद्धा हंगामाआधी जाळरेषा काढतं. म्हणजे ठराविक पट्ट्यातलं गवत आधीच जाळून टाकतं, पुढची आग तिथे येऊन थांबावी म्हणून. तीही पेटवलेलीच आग आहे.

म्हणून 'लागला'ऐवजी तुम्ही उद्यापासून 'अज्ञात समाजकंटकांनी वणवा पेटवला' असं लिहू लागलात, तर मला आनंद होणार नाही. हल्ली काही बातम्यांत ते दिसूही लागलंय. समाजकंटक हा तुमच्या टंकातला एक भूत-शब्द आहे. त्याला चेहरा नाही, गाव नाही, धंदा नाही. तो एसटीची काच फोडतो, पुतळ्याजवळ दगड टाकतो आणि आता डोंगरही जाळतो. 'लागला' म्हटल्यावर दोष निसर्गाचा होतो, 'समाजकंटकांनी लावला' म्हटल्यावर राक्षसाचा. दोन्ही वेळा मोह वेचणारी बाई, बांध साफ करणारा शेतकरी, रस्त्याच्या कडेला डांबर उकळवणारा मजूर आणि शहरातून आलेली हौशी मंडळी वाक्याबाहेरच राहतात. आणि जो वाक्यात नाही त्याच्याशी बोलणार कोण? मोह वेचणाऱ्या बाईला जाळ करायला लागू नये म्हणून झाडाखाली जाळी बांधून देता येते. बांध पेटवणाऱ्याला सकाळी, वारं नसताना आणि चार माणसं हाताशी ठेवून पेटव, असं सांगता येतं. समाजकंटकाला काय सांगणार?

खरं नाव घेतल्यानं काय होतं, याचं माझ्यासमोरचं सर्वात चांगलं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं आहे. वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलाची जबाबदारी ग्रामसभेकडे आली. तेंदूपत्ता हे तिथलं रोख उत्पन्नाचं साधन. पण तेंदूसाठी झाडं छाटली जातात आणि जंगलाला आग लावली जाते, हे गावानं उघडपणे मान्य केलं. शिवाय त्या पानाची विडी होते आणि ती माणसाला अपायच करते. ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. हातातला पैसा सोडून दिला. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. 'आग लागते' असं म्हणत राहिले असते, तर त्यांच्यासमोर ठरवायला काही उरलंच नसतं. जे आपोआप लागतं ते बंद करण्याचा ठराव कुठली ग्रामसभा करणार? 'आपण लावतो' हे आधी मान्य झालं, म्हणून 'आता लावायची नाही' हा ठराव होऊ शकला. आणि हक्क हातात आल्यावरच ते मान्य करणं परवडलं, हेही विसरू नका. १९२७ च्या कलमाखाली दबलेल्या गावाला ती चैन नव्हती.

जिथे मालक आहे तिथे आपली भाषा किती चोख होते, ते बघायचं तर उसाच्या फडात चला. फड पेटला, की पेटवला, की शेजाऱ्याच्या पाचटाचा जाळ आला, की वरून गेलेल्या तारांचं घर्षण होऊन ठिणगी पडली, यावर पंचनाम्यापासून पारापर्यंत काथ्याकूट होतो. कारण जळीत उसाला कारखाना कपात लावतो. ठिणगी तारांची असेल तर भरपाई मागता येते. तोडणी लवकर उरकावी म्हणून मुद्दाम पेटवला असेल तर तो वेगळा मामला. एकाच आगीला तीन-चार क्रियापदं आणि प्रत्येकाला पैशाचा भाव. तुमचे वार्ताहरही या बातम्या बारकाईनं लिहितात. डोंगराच्या गवताला कपात नाही आणि भरपाईही नाही, म्हणून त्याच्या वाट्याला एकच क्रियापद.

आणखी एका आगीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याबाबत तुमच्या पानांचा इतिहास चांगला नाही. ऐंशीच्या दशकातले अंक काढून पाहा. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.' भडका उडतो, पदर पेटतो, बाई भाजते. स्टोव्ह हाच कर्ता. १९८३ साली तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत विवाहितेच्या छळाचं ४९८अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ब आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत भाजून किंवा अन्य अनैसर्गिक कारणानं मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झालेला असेल, तर कायदा नवऱ्याला आणि सासरच्यांना जाब विचारू लागला. कायद्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली तरी मथळ्यातले स्टोव्ह बरीच वर्षं भडकतच राहिले. 'पेटवून घेतलं' आणि 'पेटवून दिलं' यांत मराठीत एका छोट्या सहायक क्रियापदाचा फरक आहे. एकीकडे आत्महत्या, दुसरीकडे खून. मृत्युपूर्व जबाब नोंदवताना त्या एका शब्दावर सगळा खटला उभा राहतो. म्हणून म्हणतो, आगीचं क्रियापद निवडणं हे सजावटीचं काम नव्हे.

आता डोंगराकडे परत येऊ. अडचण मला कळते. तालुक्याच्या वार्ताहराला संध्याकाळी सहाच्या आत मजकूर पाठवायचा असतो. डोंगर चढून कोण जाणार? वनपालाचा फोन लागत नाही. लागला तर तो म्हणतो, चौकशी चालू आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे देते, ते वनरक्षकाच्या मोबाइलवर येतात. पण उपग्रहाला जमिनीवरचा ताप दिसतो, काडी दिसत नाही. त्याला 'लागलंय' एवढंच कळतं. खाली माणूस जाऊन बघत नाही तोवर पुढचं कळत नाही. तेव्हा पहिल्या दिवशी तुम्हाला कारण माहीत नसणार, हे मी धरूनच चालतो. माझं मागणं अशक्य कोटीतलं नाही.

पहिल्या दिवशी 'वणवा लागला' ऐवजी 'वणवा पेटला' लिहा. 'पेटला'मध्येही करणारा नाही, पण निदान 'पेटवला कुणी?' हा प्रश्न त्याच्या पोटात आहे. 'लागला'च्या पोटात असा प्रश्न नाही, कारण भूक आणि पाऊससुद्धा लागतातच. 'नेमके कारण समजू शकले नाही' हे वाक्य तर काढूनच टाका. त्याऐवजी आग कुठून सुरू झाली ते लिहा. रस्त्याकडून, शेताकडून, की माळावरून, हे विझवायला गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. हिरव्या डहाळ्यांनी जाळ झोडपत जो चार तास उतारावर उभा होता, त्याला आग कुठून आली हे विचारलं तर तो बोटानं दाखवतो. उताराला लागलेला जाळ वरच्या दिशेनं भराभर चढतो, वरचं गवत खालच्या धगीनं आधीच तापलेलं असतं. त्यामुळे सुरुवात बहुधा खालच्या अंगाला सापडते. ती जागा बातमीत आली, की बाकीचं गाव स्वतःच ओळखतं. नाव छापायची गरज पडत नाही, आणि कुणाची चराईही जात नाही.

विझवणाऱ्यांना 'शर्थीचे प्रयत्न' या ठोकळ्यातून बाहेर काढा. किती माणसं होती, हातात काय होतं, ब्लोअर होता का, पाणी होतं का, एवढं लिहिलं तरी पुरे. वन अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क असणाऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याची जबाबदारी आहे. ती जबाबदारी पार पाडणाऱ्या माणसाला निदान क्रियापदाचा कर्ता तरी होऊ द्या. तिथे मात्र 'आटोक्यात आली' नको. आटोक्यात आणली.

आणि मग दुसरी बातमी. वणव्याची पहिली बातमी सगळेच देतात, दुसरी जवळपास कुणीच देत नाही. वन खात्याचा आगीचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत धरला जातो. जून संपला की आपल्या तालुक्याच्या वनक्षेत्रपालाकडे जा, माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा लागला तर टाका, आणि विचारा. या हंगामात किती आगी नोंदल्या, किती ठिकाणी सुरुवातीची जागा सापडली, कलम २६ खाली किती गुन्हे दाखल झाले, त्यांतले किती गवतासाठीचे, किती पर्यटकांचे, किती निष्काळजीपणाचे, आणि मागच्या वर्षी दाखल झालेल्यांचं पुढे काय झालं. लावणीच्या दिवसांत तुमच्याकडे बातम्यांचा तसाही दुष्काळ असतो. ही एक चौकट बसून जाईल, आणि ती आम्ही वर्गात वाचून दाखवू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मराठीचा एक शिक्षक
पाटण तालुका, जि. सातारा